हिल्डा मिस्किटाचा जावई

परवा फोनवर तारा म्हणाली, "आजी, तू कधी कुणावर चिडलेली मला आठवतच नाही." तिला आठवणार कसं? ती वाढली टोरांटोत, आणि मी तिच्यासाठी वर्षातून महिनाभर भेटणारी, बेसनाचे लाडू करून देणारी आजी. पण मी चिडलेली आहे. कितीतरी वर्षं चिडलेली आहे. माझ्या घरात सगळ्याच गोष्टी घडी करून जागच्या जागी असतात, तशी ही चीडही असते, एवढंच. आज ती उलगडून दाखवते. तारा, हे तुझ्यासाठी आणि तुझ्या भावासाठी, अनिशसाठी आहे. मोठ्याने वाचा, म्हणजे जोडाक्षरं अडणार नाहीत.

नव्वदीचं दशक उतरणीला लागलं होतं. डोंबिवलीच्या शाळेत इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले होते आणि विठ्ठलवाडीला एका धर्मादाय संस्थेच्या केंद्राची व्यवस्था बघायला जात होते. थॅलेसेमिया झालेल्या मुलांना तिथे रक्त चढवलं जाई. या मुलांच्या अंगात रक्त नीट तयार होत नाही, म्हणून दर काही आठवड्यांनी त्यांना दुसऱ्याचं रक्त द्यावं लागतं, आणि ते जन्मभर. आमच्याकडची बरीच मुलं शेजारच्या उल्हासनगरातल्या सिंधी घरांतली होती. सकाळी आया मुलांना घेऊन येत, डब्यात पराठे असत, आणि दिवसभर खाटांवर बसून ती पोरं दुसऱ्याचं रक्त थेंबाथेंबाने आपलं करत.

त्या केंद्रातला संगणक हिल्डा मिस्किटा सांभाळत असे.

उंच, काटकुळी, गुडघ्याखाली येणारा सुती फ्रॉक, पायांत पुरुषी चामड्याच्या सँडल. ठाण्याला खाडीच्या बाजूच्या जुन्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती लोकांच्या, वस्तीत भावाच्या कुटुंबाबरोबर राही. लग्न केलेलं नव्हतं. फिजिक्सची पदवी होती आणि वागळे इस्टेटमधल्या एका इलेक्ट्रॉनिक कारखान्यात तपासणी विभागात तिने उमेदीची वर्षं काढली होती. कारखाना बंद पडला तेव्हा ती आमच्याकडे आली. पहिल्याच दिवशी आमच्या एका विश्वस्तांनी तिला शाबासकी दिली, "वा, तुम्हाला मराठी छान येतं हो." तिच्या मागच्या कित्येक पिढ्या ठाण्याच्या मातीत भात लावत आणि मराठी बोलत आल्या होत्या. ती म्हणाली, "तुम्हालापण." विश्वस्त हसले. त्यांना वाटलं, बाईंनी परत शाबासकी दिली.

संगणकही तिच्यासारखाच दुसरीकडून निघून आलेला होता. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीने जुना झाला म्हणून तो आम्हाला दान दिला होता. तुम्ही ज्याला सर्व्हर म्हणता, तेच काम त्याला होतं. तो जिन्याखालच्या खोलीत बसे आणि बाकी तीन खोल्यांत नुसते संगणकाचे पडदे आणि कळफलक असत. डॉक्टरांच्या खोलीत मुलाचं नाव टाइप केलं, की जिन्याखालून त्या मुलाचा सगळा इतिहास वर येई.

या यंत्राला एक खोड होती, आणि हिल्डा समजायला ती समजून घ्यायला हवी. प्रत्येक संगणकाच्या आत एक छोटा प्रोग्रॅम कायमचा कोरलेला असतो. बटण दाबलं की सगळ्यांत आधी तो जागा होतो आणि बाकीच्यांना उठवतो. त्याला बायोस म्हणतात. आमच्या यंत्राचा बायोस वीज वाचवण्यासाठी बनवलेला होता. त्याच्या स्वतःच्या कळफलकाला थोडा वेळ कुणी हात लावला नाही, की तो समजे घरात कुणी नाही, आणि झोपून जाई. आता सर्व्हरच्या कळफलकाला कोण हात लावणार? तीन खोल्यांत माणसं त्याच्याकडे माहिती मागत असताना हा खाली शांतपणे निजे. आणि निजला की उठत नसे. बटण पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावं लागे. त्यातही, थंड झाला की आतली माहिती साठवणारी जुनी तबकडी, म्हणजे हार्ड डिस्क, जागची हलत नसे.

वीज वाचवणं बंद करायची सोय त्यात होती. हिल्डाने ती वापरली होती. पडद्यावर 'बंद' असं लिहून येई आणि तरी तो झोपे.

"चुकतो, ते मी समजू शकते," हिल्डा म्हणायची. "हा खोटं बोलतो."

तिने त्याचं नाव ठेवलं होतं जावई. खायला लागतं, काम सांगायची सोय नाही, कशावरून रुसेल सांगता येत नाही, आणि घराबाहेरही काढता येत नाही. "जावई निजला" अशी जिन्याखालून हाक आली, की वरचे सगळे हात थांबत. "जावई उठला" म्हटलं की पुन्हा कामाला लागत. नवीन आलेल्या आयांना वाटे, या बाईंचा खरंच कुणी आजारी जावई खाली ठेवलाय. एकीने तर त्याच्यासाठी खिचडी आणली होती. हिल्डाने ती खाल्ली आणि जावयाच्या वतीने आभार मानले.

तो झोपू नये म्हणून तिने काय केलं, ते सांगते. तिने त्याच्या कळफलकाची वायर लांब केली, जिन्याच्या कडेने वर नेऊन दारातून खाटांच्या खोलीत आणली, आणि कळफलक सगळ्यांत जवळच्या खाटेवर ठेवला. त्या खाटेवरच्या मुलाने रक्त चढेपर्यंत अधूनमधून लांबलचक कळ दाबायची. हात लागला, की यंत्राला वाटे कुणीतरी आहे. दिवसभर पडून राहणाऱ्या पोरांना काम मिळालं. त्या खाटेसाठी भांडणं होऊ लागली. पूनम नावाची एक मुलगी होती, आठ-नऊ वर्षांची, दोन वेण्या घालणारी. तिचा नंबर असला की ती घरून निघतानाच आईला घाई करायची. डॉक्टर सुई टोचत असताना ती रडत नसे, म्हणे, "जल्दी करो ना, जावई सो जाएगा."

पुढे हिल्डाने एक बारकासा प्रोग्रॅम लिहिला, जो कुणीतरी कळ दाबल्याचा भास यंत्राला सारखा करून देई, म्हणून ते आपोआप जागं राहू लागलं. कळ दाबायची गरज उरली नाही. पण कळफलक तिने खाटेवरून हलवला नाही. मी कारण विचारलं तेव्हा ती माझ्यावरच खेकसली, "प्रोग्रॅम लिहिला म्हणून काय पोरांना नोकरीवरून काढू? काढून टाकलं की कसं वाटतं ते मला ठाऊक आहे, सुमनताई."

तिचा राग हा तिच्या अंगावरच्या कपड्यासारखा रोजचा होता, पण त्याची दिशा ठरलेली असे. तो नेहमी वर जाई. सेटिंग लक्षात राहावं म्हणून यंत्राला बाहेरून दोन पेन्सिल सेल जोडलेले होते. एकदा क्रिकेटच्या सामन्याच्या दिवशी आमच्या सावंत वॉचमनने ते काढून आपल्या ट्रान्झिस्टरला लावले. यंत्र सगळं विसरून बसलं आणि हिल्डाची सकाळ त्यात गेली. मला वाटलं, आता सावंताचं काही खरं नाही. तिने बाहेर जाऊन त्याला स्कोअर विचारला, नवे सेल आणून त्याच्या हातात दिले आणि म्हणाली, "हे तुमचे. ते माझे. अदलाबदल नको." त्या दिवसापासून सावंत जिन्याखालच्या खोलीवर असा पहारा देऊ लागला, जणू आत खजिना आहे. पण त्याच आठवड्यात विश्वस्तांच्या बैठकीत ती उभी राहून दुसरं यंत्र मागताना इतकी तापली, की चहाचे कप आणणारा दारातूनच परत गेला.

विश्वस्तांचे अध्यक्ष आप्पासाहेब. सचोटीचे होते, हे मी आधीच लिहून ठेवते, कारण राग आला म्हणून मला अन्याय करायचा नाही. संस्थेच्या कामाला ते डोंबिवलीहून स्वखर्चाने येत आणि चहासुद्धा घरून थर्मासमध्ये आणत. त्यांना एक सवय होती. आले की ते प्रत्येक खोलीतून फिरत आणि जाताना पंखे, दिवे, जे दिसेल ते बटण बंद करत. ती आमच्या सगळ्या पिढीचीच सवय आहे. तुमच्या आईला विचारा, खोलीतून बाहेर पडताना बटण चालू राहिलं तर मी काय म्हणत असे. काटकसर आमच्याकडे सद्गुण म्हणून शिकवली गेली आणि पुढे तो सद्गुण आंधळा झाला, तरी त्याला कुणी काही बोलेना.

आप्पासाहेबांनी जावयाचं बटण पहिल्यांदा बंद केलं, तेव्हा हिल्डाने तिथे कागद चिकटवला: हे बटण बंद करू नये. दुसऱ्यांदा केलं तेव्हा नवा कागद लागला: हे बटण बंद करणाऱ्याने आधी ठाण्याला माझ्या घरी येऊन परवानगी घ्यावी. तिसऱ्यांदा तिने स्टीलचा डबा कापून बटणावर झाकण बसवलं. आप्पासाहेब म्हणाले, हे शोभत नाही. ती म्हणाली, शोभेसाठी नाही. मग तिने त्यांना खुर्चीवर बसवून सगळं समजावून सांगितलं, यंत्र कसं झोपतं, का उठत नाही, थंड झाल्यावर तबकडी कशी अडते. मी तिथे होते. आप्पासाहेबांनी मान डोलावत ऐकलं. म्हणजे त्यांना माहीत नव्हतं, असं म्हणायला जागा नाही.

आणखी एक गोष्ट त्यांना माहीत होती. संगणक आला त्या वर्षी विश्वस्तांनी मुलांच्या माहितीच्या कार्डांचं लोखंडी कपाट रिकामं करून कार्डं रद्दीत घातली. हिल्डाने कडाडून विरोध केला होता, मीही केला होता. आम्हाला उत्तर मिळालं, "मग संगणक कशाला घेतला?" हिल्डा माहितीच्या प्रती फ्लॉपींवर काढून ठेवत असे, पण त्या वाचायला दुसरं यंत्र हवं, आणि दुसरं यंत्र 'पुढच्या बैठकीत बघू' यात अडकलेलं होतं. त्यामुळे कुठल्या मुलाला कुठलं रक्त चालत नाही, हे त्या एका म्हाताऱ्या तबकडीवर होतं आणि दुसरीकडे कुठेच नव्हतं.

चालत नाही म्हणजे काय, तेही सांगते. वारंवार परकं रक्त घेऊन काही मुलांचं शरीर विशिष्ट रक्ताविरुद्ध उठतं. गट जुळला तरी भागत नाही. पूनमला असं एकदा झालं होतं. थंडी वाजून आली, लघवी लाल झाली, पोर मरता मरता वाचली. आणि यातली भयंकर गोष्ट अशी, की काही महिन्यांनी त्याची खूण रक्तातून पुसट होते. साध्या तपासणीत काहीच दिसत नाही. तेच रक्त पुन्हा दिलं, की शरीराला मात्र सगळं आठवतं. म्हणून जुनी नोंद हाच एक आधार.

त्या वर्षी खंडेनवमी रविवारी आली. त्याच रविवारी हिल्डाच्या गावात आगेरा होता. आगेरा म्हणजे नव्या भाताचा सण. शेतातल्या पहिल्या लोंब्या वाजतगाजत देवळात नेतात. ते लोक चर्चला देऊळच म्हणतात. हिल्डाने वर्षातून ही एक रजा कधी सोडली नव्हती. मी बहिणीकडे पुण्याला गेले होते. जाण्याआधी हिल्डाने आप्पासाहेबांना बजावलं होतं: हार घाला, फुलं वाहा, बटणाला हात लावू नका.

खंडेनवमीला आपण हत्यारं, अवजारं पुसून मांडतो, त्यांची पूजा करतो आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाही. वर्षभर राबतात, एक दिवस विश्रांती. मला ही चाल फार आवडते. माझ्या वडिलांची टाइपरायटरची पूजा मला आठवते. आप्पासाहेब त्या दिवशी केंद्रात आले, वजनकाटा, सूक्ष्मदर्शक, निर्जंतुक करायचा कुकर, सगळं पुसून घेतलं, हळदकुंकू वाहिलं. मग जिन्याखाली गेले. सावंत मध्ये उभा राहिला, म्हणाला, बाईंनी बंद करायला मनाई केलीय. आप्पासाहेब म्हणाले, "अरे, आज त्यालाही निजू दे जरा." आणि स्टीलचं झाकण उघडून त्यांनी बटण बंद केलं.

रक्ताचा फ्रिज मात्र त्यांनी चालू ठेवला, कारण त्यात रक्त होतं हे त्यांना दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. मुलांच्या तारखा सणवार बघत नाहीत, म्हणून केंद्र उघडं होतं. मी पोचले तेव्हा हिल्डा जिन्याखाली फरशीवर मांडी घालून बसली होती. जावयाचं पोट उघडलेलं. झेंडूच्या पाकळ्या पंख्यात, फ्लॉपीच्या फटीत अक्षता. ती चिमट्याने एकेक तांदूळ काढत होती.

वर पूनम आली होती. दोन दिवस उशीर झालेला, चेहरा कागदासारखा पांढरा, बोलताना धाप लागत होती. तिची आई दारात उभी राहून रडत होती. डॉक्टर शेवडे म्हणून नव्याच लागलेल्या बाई होत्या. फ्रिजमध्ये बी पॉझिटिव्हची पिशवी होती, पूनमचा गट तोच, साधी जुळणी तपासली तर काही दोष नाही. फक्त जुनी नोंद वाचता येत नव्हती. पूनमला काहीतरी चालत नाही हे आम्हाला सगळ्यांना आठवत होतं. नेमकं काय, हे कुणालाच सांगता येईना.

तेवढ्यात आप्पासाहेब दसऱ्याचं सोनं वाटायला आले. मुलीची अवस्था बघून त्यांचा जीव कळवळला, हेही खरंच. ते शेवडेबाईंना म्हणाले, "गट जुळतोय ना? मग लावा की. पोरीकडे बघवत नाही." शेवडेबाईंनी पिशवी उचलली.

हिल्डा जिन्याखालून वर आली. हातांना धूळ आणि कुंकू.

"डॉक्टर, ती पिशवी खाली ठेवा."

"अहो मिस्किटाबाई, ही वैद्यकीय बाब आहे," आप्पासाहेब म्हणाले.

"ती काल होती. तुम्ही बटणाला हात लावला तेव्हा."

"एक दिवस पूजेला बंद केलं तर इतकं आकाशपाताळ? तुम्हाला आमच्या सणांचं महत्त्व कळायचं नाही."

खोलीतले सगळे वळून बघू लागले. सिंधी आयांनाही तेवढं मराठी कळत होतं.

हिल्डाचा आवाज चढला नाही. मी त्या दिवसापर्यंत तिचा इतका खालचा आवाज ऐकला नव्हता. "पूजेला मी कधी ना म्हटलं? पूजा करा. दोनदा करा. मी स्वतः हार आणून देते. काल आमच्या देवळात आम्ही भाताची पूजा केली, आप्पासाहेब. म्हणून कुणी चूल विझवून पोरांना उपाशी ठेवलं नाही."

मग ती पूनमच्या आईकडे वळली आणि हिंदीत म्हणाली, थोडा वेळ द्या, मी पाया पडते, पण हे रक्त लावू देऊ नका. आईने मुलीला मांडीवर ओढून घेतलं.

हिल्डा खाली गेली. मी मागोमाग गेले, कारण मला दुसरं काही करता येत नव्हतं. तिने तबकडीचा डबा यंत्रातून सोडवला, दोन्ही तळहातांत धरला आणि पोटाशी धरून ऊब देत बसली. मग कानाशी नेला, मनगटाला एक झटका दिला, ऐकलं. काही नाही. पुन्हा ऊब, पुन्हा झटका. प्रत्येक वेळी वायर लावून बटण दाबायचं, यंत्र एक शिट्टी मारायचं आणि पुढे काही नाही. मी तिला पाणी दिलं, ते तिने बघितलंही नाही. तिच्या तोंडातून तिच्या गावच्या बोलीत काहीतरी सतत चाललं होतं. प्रार्थना असेल किंवा शिव्या असतील. बहुतेक दोन्ही.

किती वेळ गेला ते सांगता येत नाही. मला ते मोजायला सुचलं नाही. मग तो डबा तिच्या हातात थरथरला आणि बारीक शीळ घालत फिरू लागला. हिल्डाने तो तसाच हातावर तोलून धरला, खाली ठेवायची हिंमत केली नाही, आणि मला म्हणाली, "सुमनताई, तुम्ही टाइप करा. माझे हात मोकळे नाहीत. आधी जागं ठेवायचा प्रोग्रॅम, नाहीतर हा पुन्हा निजेल." खाटेवरचा कळफलक मी वायरीसकट खाली आणला. ती सांगत गेली, मी एका बोटाने कळा दाबत गेले.

पूनमची नोंद पडद्यावर आली. शेवडेबाईंनी ती दोनदा वाचली. मग त्यांनी फ्रिजमधल्या पिशवीचा एक नमुना ठाण्याच्या रक्तपेढीकडे खास तपासणीला पाठवला. पूनमला जे चालत नव्हतं, नेमकं तेच त्या रक्तात होतं. चालणारी पिशवी ठाण्याहूनच आली. ती लागली तेव्हा दुपार कलली होती. पूनमच्या ओठांना हळूहळू रंग आला आणि ती झोपली. आप्पासाहेब तोवर घरी गेले होते.

तुम्हाला वाटेल, इथे गोष्ट संपली, सगळ्यांनी हिल्डाचे आभार मानले. मी ज्यासाठी लिहायला बसले, ते इथून पुढे आहे.

ठाण्यात नौपाड्याला संस्थेच्या कचेरीत बैठक झाली. पूनमवर काय ओढवलं असतं, हा विषयच नव्हता. विषय होता हिल्डा मिस्किटा यांचं वर्तन. रुग्णांसमोर अध्यक्षांना उलट बोलल्या. सणाचा अवमान केला. आणि यंत्र मुद्दाम असं ठेवलं, की त्यांच्याशिवाय कुणाला चालवता येऊ नये. हा तिसरा आरोप. ज्या बाईने आल्या दिवसापासून दुसरं यंत्र मागून घसा कोरडा केला, तिच्यावर हा आरोप. मी उभी राहिले. काय घडलं ते क्रमाने सांगितलं, शेवडेबाईंचं म्हणणं सांगितलं, कार्डं कुणी रद्दीत घातली तेही सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. एक सभासद म्हणाले, सुमनताईंची कळकळ आपण समजू शकतो. असं कुणी म्हटलं, की ओळखावं, आपलं म्हणणं आता बाजूला ठेवलं जाणार.

आप्पासाहेब मोठ्या मनाने म्हणाले, त्यांनी दोन शब्दांत दिलगिरी व्यक्त केली तर माझ्या बाजूने विषय संपला.

हिल्डा म्हणाली, "मी तुमच्याशी पेशंटसमोर बोलले. एकट्यात बोलायला हवं होतं. त्याबद्दल मी माफी मागते. आता बटण बंद केल्याबद्दल पूनमच्या आईची माफी कोण मागणार, ते सांगा."

कुणीतरी घसा खाकरला. मग एका सभासदाने सुचवलं, की केंद्रातलं वातावरण खेळीमेळीचं राहावं म्हणून बाईंना कामातून मोकळं करावं. हात वर झाले. माझा झाला नाही. शेवडेबाईंना मत नव्हतं. पूनमची आई आणि आणखी काही आया नौपाड्यापर्यंत आल्या होत्या. त्यांना खालीच बसवून चहा दिला गेला आणि सांगितलं गेलं, की तुमच्या भावना पोचवू.

त्यानंतर काही महिन्यांतच नवं यंत्र आलं. त्यावर देणगीदारांच्या नावाची पितळी पट्टी होती आणि उद्घाटनाचा नारळ आप्पासाहेबांनी फोडला. म्हणजे ते आणता येत होतं. पहिल्यापासून आणता येत होतं.

पण नवं यंत्र येईपर्यंतचे दिवस जुन्यावरच काढायचे होते, आणि ते गद्रे नावाच्या गृहस्थांवर सोपवलं गेलं. बँकेतून निवृत्त झालेले, भिडस्त माणूस. हिल्डाने त्यांना वाऱ्यावर सोडलं असतं तर मी तिला दोष दिला नसता. ती आठवडाभर रोज आली. पगार थांबलेला होता. तिने गद्र्यांना सगळं शिकवलं आणि शिकवताना त्यांना इतकं फैलावर घेतलं, की त्या माणसाला घाम फुटे. "हळू नाही गद्रे, झटका. मनगटातून. तुम्ही काय पाळणा हलवताय?" गद्रे ओशाळून म्हणत, "तुम्ही असताना जमतं हो." ती म्हणे, "म्हणूनच मी नसताना जमायला हवं."

शेवटच्या दिवशी तिने कुणाचा निरोप घेतला नाही. मुलांच्या खोलीत गेली, कळफलकाची वायर दारात कुणाच्या पायात येत नाही ना ते बघितलं आणि पिशवी खांद्याला लावून जिना उतरली. मी वरच्या खिडकीत उभी होते. ती रस्त्यावर पोचली आणि नेमकी वीज गेली.

त्या भागात वीज जाणं नवं नव्हतं, पण त्या दिवशी वीज गेल्यावर यंत्र चालवणारी आमची बॅटरीही बसली. खालच्या दुकानांचे पंखे थांबले, रेडिओ गप्प झाला. जिन्याखालून गद्र्यांचा आवाज आला, "निजला."

हिल्डा रस्त्याच्या मध्यावर थांबली. रिक्षावाले हॉर्न मारत तिच्या बाजूने जात होते. कडेला रिक्षा लावून उभ्या असलेल्या एकाने तिला काहीतरी सुनावलं. ती हलली नाही. वर येऊ शकली असती, कुणाची हिंमत झाली असती तिला अडवायची? ती आली नाही. मान वर करून खिडकीकडे बघत उभी राहिली. चेहरा रागाने आवळलेला, ओठ हलत होते. मला वाटलं, ती गद्र्यांना तिथून सांगत असावी, काय आधी, काय नंतर.

वीज आली. पंखे फिरू लागले. मी मागे वळून कान दिला. शिट्टी ऐकू आली, मग बराच वेळ काही नाही. गद्रे कुणाला तरी बाजूला व्हायला सांगत होते. मग ती बारीक शीळ, आणि डॉक्टरांच्या खोलीतून शेवडेबाई म्हणाल्या, "आलं, आलं."

मी खिडकीतून हात वर केला.

हिल्डाने तो बघितला. हसली नाही, हात हलवला नाही. खांद्यावरची पिशवी सारखी केली, त्या रिक्षावाल्याच्या दिशेने वळून त्याला त्याच्याहून चढ्या आवाजात उत्तर दिलं आणि स्टेशनकडे चालू लागली.